उदगीरची फोनवाली

"सांगा अक्का, लिहून राहिले."

फोन उचलला की ती हेच म्हणायची. नमस्कार नाही, कशा आहात नाही. मी चिडलेली असले तरी हेच, रडकुंडीला आलेली असले तरी हेच. एकदा मी तिलाच शिव्या द्यायला फोन केला होता. माझं सगळं बोलून झालं. मग म्हणाली, "झालं अक्का? यातलं काय कुणाला पाठवायचंय?"

तिचं नाव मी लिहिणार नाही. त्या नावाची व्हायची तेवढी नाचक्की होऊन गेली आहे. त्यात माझाही हात आहे, तो कसा ते पुढं सांगते.

लातूरला माझी मुलींची खानावळ आहे. खाली जेवण, वर राहायच्या खोल्या. भूकंप झाला तेव्हा ढिगारे उपसायला बाहेरून माणसं आली होती. त्यांना पिठलं-भाकरी घालता घालता माझी खानावळ उभी राहिली. पुढं डॉक्टर व्हायला निघालेली पोरं-पोरी गावोगावहून लातुरात येऊ लागली आणि खानावळीवर दोन मजले चढले. भूकंपानं उभी केली, क्लासनं वाढवली. माझं कर्तृत्व म्हणाल तर मी पहाटे उठते, एवढंच.

बेचाळीस पोरी होत्या. म्हणजे बेचाळीस बाप आणि बेचाळीस आया फोनवर. जेवली का, झोपली का, अभ्यास करते का. मी चौथीपर्यंत शिकलेली. वाचता येतं, लिहिता येतं, पण मोबाईलवर बोटं चालत नाहीत. एका बापाला उत्तर लिहीपर्यंत वरण करपायचं. उदगीरला माझा भाचा मोबाईलचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "आत्या, इथं एक बाई हाय. घरी बसून फोनवर काम करती. दोन डॉक्टरांचे नंबर लावती. तिला धर."

"उदगीरला बसून माझ्या खानावळीचं काम? झाडू तिकडूनच मारणार का?"

"बोलून तर बघ."

मी फोन लावला. माणूस ठेवताना मी जे विचारते तेच विचारलं. "सैपाक येतो का?"

"येतो अक्का. पण फोनवरून भाकरी कशी थापू?"

मला हसू आलं. मला सहसा येत नाही. दोन तास सकाळी, दोन तास संध्याकाळी असं ठरलं. दारात पाऊल न टाकणारं माणूस मी जन्मात पहिल्यांदा कामाला ठेवलं. तिचं तोंडसुद्धा बघितलेलं नव्हतं. तिच्या नंबरावर फोटो होता तो जास्वंदीच्या फुलाचा. एकदा मी म्हणाले, "अगं, तोंड दाखव की." तर म्हणाली, "तोंड बघून काय करता? पगार तोंडाला आहे का कामाला?" मग मी परत विचारलं नाही.

काम असं चालायचं. मी फोनला तोंड लावून बोलायची. ते रेकॉर्डिंग तिच्याकडं जायचं. ती ऐकून नीट लिहायची आणि ज्या त्या घरी मेसेज पाठवायची. नीट म्हणजे तिच्या मतानं नीट. एका दिवशी कंधारच्या एका पोरीनं वांग्याची भाजी बादलीत ओतली. मी सांगितलं, "तिच्या बापाला लिही, घरी काय सोन्याची वांगी खाती का तुमची लेक? इथं नखरे चालायचे न्हाईत म्हणावं." पुढच्या फेरीला तो बाप आला तो भुईमुगाच्या शेंगांची पिशवी घेऊन. माझ्या पाया पडला. म्हणाला, "मावशी, तुमच्यासारखं गोड बोलणारं माणूस लातुरात न्हाई." पोरी भिंतीकडं तोंड करून हसत होत्या. मी फोन त्याच्या हातातून घेऊन वाचला. लिहिलं होतं, 'आज वांग्याची भाजी तिखट झाली होती, तिला खाल्ली गेली नाही. उद्या तिच्यासाठी वरण करते. काळजी नसावी.'

मी तिला विचारलं, "काय गं, मी हे बोलले होते का?"

"तेच बोललात अक्का. मी मीठ तेवढं कमी केलं."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आपण वाकडं बोलतो आणि ती ते सरळ करून पुढं देतात. लोक मग आपल्यालाच चांगलं समजतात. मलाही ती सवय लागली.

तिचा एकच हट्ट होता. संध्याकाळची हजेरी. घरोघरी मेसेज जायचा, 'हजर आहे. जेवली. अभ्यासाला बसली.' मी म्हणाले, नावं मी सांगते, तू लिही. ती म्हणाली, "तुम्ही सांगू नका अक्का. पोरींना बोलू द्या." मग रोज जेवणाच्या पंगतीत तिला लावलेला माझा फोन ताटाताटावरून फिरायचा. एकेक पोरगी आपलं नाव सांगायची आणि फोन पुढं द्यायची. फोनला वरण लागायचं, चटणी लागायची. ती ऐकायची आणि नंतर मला सांगायची, "चौथ्या पोरीला सर्दी झालीय, गरम पाणी द्या. शेवटच्या दोघी भांडल्यात, लांब बसवा." खरं निघायचं. देगलूरची एक पोरगी तेलुगूच्या वळणानं बोलायची. ती एकदा सिनेमाला गेली आणि तिच्या मैत्रिणीनं तिचा आवाज काढून नाव सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "छान जमलं. आता तिच्यासारखं 'भात वाढा' म्हण बघू." पोरीची बोबडी वळली. सगळी पंगत हसली.

मला तो सगळा वेळकाढूपणा वाटायचा. ताटं निवायची.

पाऊस आला की तिच्याकडं पत्र्याचा असा आवाज व्हायचा की काही ऐकू यायचं नाही. एकदा मी वैतागले. "घरात जा की. तिथं पत्र्याखाली काय करलालीस?"

"मी घरात बसत नाही अक्का. मामाचं घर स्लॅबचं आहे. मी अंगणात शेडमध्येच असते."

"झोपायला?"

"झोपायला पण."

मग पाऊस ओसरेपर्यंत तिनं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. किल्लारीच्या बाजूचं गाव तिचं. आठ वर्षांची होती. दगडमातीचं माळवदाचं घर पडलं आणि ती खाली राहिली. "वरून माणसं नावं घेत चालली होती. मी ओ देत होते. पण ओ वर जात नव्हती. माणसं पुढं गेली. मग त्यांनी यादी केली. त्या यादीत मी मेलेली होते."

"मग?"

"मग काय. दुपारी दुसरी माणसं आली. त्यांच्याकडं यादी नव्हती. त्यांनी उकरलं."

घरातले बाकीचे यादीत होते तसेच निघाले. मामानं तिला उदगीरला आणलं.

अशा गोष्टीवर काय बोलायचं असतं ते मला कळत नाही. मी म्हणाले, "उद्या हरभऱ्याची उसळ आहे, तेवढं लिही." ती म्हणाली, "हाव."

नायगावची एक पोरगी आमच्याकडं दुसऱ्या वर्षाला होती. पहिल्या खेपेला तिचे मार्क कमी पडले होते, म्हणून परत परीक्षेला बसत होती. बापाचं किराणा दुकान. पोरगी गुणाची. ताट स्वतः धुवायची, मोठ्यानं बोलायची नाही. अशा पोरीकडं आपलं लक्ष जात नाही, कारण तिचा त्रास नसतो. परीक्षेला दीड-दोन महिने राहिले असतील. एका सकाळी ती फोनवाली मला म्हणाली, "अक्का, नायगावची पोरगी बघा जरा."

"काय झालं? रोज पंगतीला असती."

"नाव सांगते. पण नाव सांगून राहिली तिथं कोणी नाही असं वाटतं."

"म्हणजे काय? भूत हाय का?"

"जेवते का ती?"

"काल दोन चपात्या घेतल्या तिनं, मी बघितलं."

"घेतल्या, का खाल्ल्या?"

हे मी बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळी बघितलं. ती भाताचा डोंगर करायची, तो मोडायची, परत करायची. मग ताट उचलून धुवायला जायची. मी तिला विचारलं, "बरं वाटंना का?" ती म्हणाली, "बरी आहे मावशी." बरी आहे म्हणाली म्हणजे बरी. आम्हाला दुसरी भाषा कळत नाही.

फोनवाली म्हणाली, "तिच्या घरी सांगू. काही दिवस नेऊ द्या."

मी नको म्हणाले. का, ते लिहिते. त्या साली आमच्या गल्लीतल्या एका होस्टेलबद्दल कुणीतरी उठवलं की तिथल्या पोरी आजारी पडतात. आठ दिवसांत अर्धं होस्टेल रिकामं झालं. माझी एक पोरगी ऐन हंगामात घरी गेली असती तर बाकीच्या बापांनी विचारलं असतं, काय झालं? मला ते प्रश्न नको होते. मी तिला सांगितलं, "असलं काही कुणाला कळवायचं न्हाई."

तिनं कळवलं. मला न विचारता नायगावला फोन केला. दुसऱ्या दिवशी बाप एसटीनं आला. पोरगी त्याच्यासमोर उभी राहिली आणि हसली. म्हणाली, "पप्पा, दुकान बंद ठेवून आलात? मी बरी आहे. मला घरी नेऊ नका, टेस्ट बुडतील." त्यानं तिला उसाचा रस पाजला, दोन तास बसला. जाताना मला म्हणाला, "मावशी, तुमची ती फोनवाली डोक्यानं बरोबर हाय ना? माझी बायको रात्रीपासून रडलालीय."

मी म्हणाले, "नसंल बरोबर. बघते मी."

मी बघितलं. फोनला तोंड लावलं आणि बोलले, "तू नोकर हायस, तिची आई न्हाईस. मेलेल्या माणसांत राहून तुला सगळीकडं मेलेलंच दिसतंय. उद्यापासून हा हजेरीचा तमाशा बंद. भिंतीवर कागद लावते, पोरी खुणा करतील, मी फोटो पाठवीन. त्यावर खूण असंल तिच्या घरी हजर म्हणून लिहायचं. जास्ती शहाणपणा न्हाई."

हे वाक्य मी बोलले. मेलेल्या माणसांत राहून, हे. त्यातलं मीठ कमी करायला मध्ये कोणी नव्हतं.

तिनं तासाभरानं फोन केला. पहिल्यांदाच 'सांगा अक्का' म्हणाली नाही. "अक्का, कागद लावा. मी लिहीन त्यावरून. पण नायगावच्या एकटीला रोज फोन द्या. दोन मिनिटं. बाकी काही मागत नाही."

"न्हाई."

"एकच मिनिट."

"एकीला दिला की सगळ्या विचारतील. न्हाई म्हणले ना?"

"बरं," म्हणाली. तेवढंच.

कागदाची पद्धत छान चालली. ताटं निवायची बंद झाली. खोलीतली कुणीही एक खाली यायची आणि दोघींच्या नावापुढं खूण करून जायची. मला ते दिसायचं. जेवण तर सगळ्यांसाठी शिजवलेलंच असायचं.

एकोणीस दिवस गेले. एका संध्याकाळी नायगावच्या पोरीच्या नावापुढं खूण होती. तिच्या खोलीतल्या पोरीनं केलेली. नायगावची तिला सांगून गेली होती की अभ्यासिकेत बसते, उशिरा येऊन जेवते. मी फोटो काढून पाठवला. नायगावला मेसेज गेला, 'हजर आहे. जेवली. अभ्यासाला बसली.'

सकाळी तिचं अंथरूण घडी केलेलं होतं. ती तिसऱ्या दिवशी सापडली. जिवंत नाही. कुठं आणि कशी ते मी लिहिणार नाही, आणि कुणी विचारूही नये.

माझ्या अंगणात पोलीस आले. बाप पायरीवर बसला होता. रडत नव्हता. हातात फोन धरून एकच मेसेज वर-खाली करत होता. त्याचा भाऊ ओरडत होता, "हे कुणी लिहिलं? पोरगी घरात न्हाई आन् जेवली म्हणून लिहिलं?"

साहेबानं मला विचारलं, "हे मेसेज कोण पाठवतं?"

"उदगीरची एक बाई," मी म्हणाले. "मला मोबाईलवर लिहिता येत न्हाई."

"पोरगी हजर आहे असं तुम्ही तिला सांगितलं होतं का?"

"मी कागदाचा फोटो पाठवती. पुढं ती काय लिहिती ते मला काय म्हाईत?"

यातला एक शब्दही खोटा नव्हता. तुम्ही परत वाचून बघा.

साहेबानं तिथूनच तिला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला. तो अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर ठेवला होता, माझ्यापासून हातभर.

"हा मेसेज तुम्ही पाठवला?"

"हो."

"पोरगी हजर आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

ती थोडी थांबली. त्या थांबण्यात मी देवाचं नाव घेत होते, पोरीसाठी नाही. माझी सगळी रेकॉर्डिंग तिच्या फोनमध्ये होती. तमाशा बंद म्हणालेलं, खूण असंल तिला हजर लिही म्हणालेलं. तिनं एक बटण दाबलं असतं तर त्या अंगणात माझाच आवाज वाजला असता.

"मी तिला विचारलं नाही, साहेब," ती म्हणाली. "न विचारता लिहिलं. चूक माझी आहे."

लोकांना वाटेल तिनं मला वाचवलं. तसं नाही. माझ्यासाठी तिनं काही केलं नाही, आणि का करावं? तिला खरंच तसं वाटत होतं. ते मला तिच्या बोलण्यावरून कळलं. बाकी कुणाच्या बोलण्यावरून मला कधी काही कळलं नव्हतं, पण तेवढं कळलं.

पुढचं मला भाच्यानं सांगितलं. नायगावचे नातेवाईक गाडी करून उदगीरला गेले आणि मामाच्या दारात उभं राहून बोलले. तिचा नंबर आणि नाव लोकांनी मोबाईलवर फिरवलं, खाली वाटेल ते लिहून. दोन्ही डॉक्टरांनी तिचं काम काढून घेतलं. ठाण्यात तिला चार वेळा बोलावलं. मला एकदाच. भाचा म्हणाला, "आत्या, तू एक शब्द बोलली असतीस तर." मी त्याला म्हणाले, "मग बेचाळीस पोरींचं जेवण तू घालणार होतास का?" तो तेव्हापासून माझ्याकडं येत नाही.

तिचा फोन बंद लागायचा. मी रोज लावत होते असं नाही. लावायची कधी कधी.

खानावळ चालू राहिली. लोक विसरतात. नव्या वर्षाच्या पोरी आल्या, खोल्या भरल्या. मी अंगठा लावायचं मशीन बसवलं. पोरीनं अंगठा लावला की घरी आपोआप मेसेज जातो. त्यात कुणी चूक करत नाही. पण जुन्या पोरींच्या आया फोन करायच्या, "मावशी, त्या ताई कुठं गेल्या हो? त्या लई छान सांगायच्या." काय सांगायची? तर माझंच बोलणं. मशीन आल्यापासून आया माझं बोलणं थेट ऐकतात आणि दोघींनी पोरी काढून नेल्या.

दिवाळी झाल्यावर मी उदगीरला गेले. माफी मागायला गेले असं इथं लिहिता आलं असतं. मी तिला कामावर परत बोलवायला गेले होते. पगार वाढवून देते, पोरींना रोज फोन देते, असं सांगणार होते. वाटेत बसमध्ये ठरवलं की पोलिसांना खरं काय ते सांगते असंही म्हणावं. म्हणावं एवढंच ठरवलं होतं.

स्टँडवरून रिक्षा केली. रिक्षावाला माझ्याच वयाचा होता, त्याला घर माहीत होतं. त्या गावात आता सगळ्यांनाच माहीत होतं. तो गल्लीच्या तोंडाशी थांबला, मी चालत गेले. स्लॅबचं घर, अंगण, बाजूला पत्र्याचं शेड. शेडच्या दारात एक बाई सुपात तूर निवडत बसली होती. तिशी ओलांडलेली, केस अर्धे पांढरे. मला वाटलं, शेजारीण असेल नाहीतर मामाची सून.

मी म्हणाले, "अगं बाई, इथं ती फोनचं काम करणारी राहती ना? मी लातूरहून आलेय. खानावळवाली."

तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग मान हलवली, नाही म्हणून. आणि हात लांब केला, रस्त्याच्या बाजूला, गेली या अर्थानं.

"कुठं गेली? कधी येणार?"

तिनं परत मान हलवली. उठली, आत गेली, तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढं ठेवलं. मी प्याले. मला वाटलं बिचारी मुकी आहे. मी तिला सांगितलं, "आली की म्हणावं, अक्का येऊन गेली." तिनं तांब्या उचलला आणि परत तुरीकडं बसली.

मी रिक्षात येऊन बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, "झालं का बोलणं?"

"घरी न्हाई ती."

"न्हाई कशी?" तो म्हणाला. "तुमाला पानी दिलं तीच की."

तो गाडी चालू करून माझ्याकडं बघत होता, वळवायची का म्हणून. गल्ली तिथंच होती. शंभर पावलं नसतील.

मी म्हणाले, "स्टँडवर घे." लातूरची बस लागलेली होती. खिडकीची जागा मिळाली.